किंजळाचा गुण्या

गुरुवारी भोसरीत लाइट जाते,
म्हणून भट्टी सोमवारीच लावायची.
वेल्ह्याकडून आलेला किंजळ,
नऊ फळ्या, प्रत्येकीवर खडूने आकडा;
चौथीत एक गाठ होती, कोंबडीच्या डोळ्याएवढी.
वजन लिहिलं. जाडी लिहिली, तीन ठिकाणी.
दार आवळून वाफ सोडली, हवा बाहेर हाकलली,
कारण हवा आत राहिली तर नुसता जाळ,
आणि आम्हाला जाळायचं नव्हतं.
जळण्याच्या जरा अलीकडे एक जागा असते,
एकशे नव्वद अंशांपाशी.
तिथे त्याला तीन तास थांबवून ठेवायचं होतं.

आधी पाणी जातं.
मग पाण्याला धरून ठेवणारं जे काही असतं, ते जातं:
पेशींच्या भिंतीतली ती हावरी साखर
तुटते, आंबते, धुराड्यातून निघून जाते.
शेडभर वास, गुऱ्हाळात काहील करपल्यासारखा,
त्यात कुणी व्हिनेगरची बाटली फोडल्यासारखा.
वॉचमन टिळेकर नाक दाबून म्हणाला,
"मॅडम, काकवी लागली बहुतेक."

बुधवारी दार उघडलं.
फळ्या आतबाहेर एकाच रंगाच्या,
चहाच्या चोथ्यासारख्या.
वजनात शंभराला आठ कमी.
एक दिवसभर पाण्यात बुडवल्या.
कच्ची फळी जागरण झालेल्या पायासारखी सुजली;
भाजलेली बाहेर काढली, तर
थेंब तिच्यावर उभेच,
आत या म्हणेल कुणी, याची वाट बघत.

मशीनवर वाकवल्या तेव्हा मात्र
कच्ची कण्हत मोडली, एकेक तंतू सोडत,
बराच वेळ लावला तिने.
भाजलेली एकदम. खाट.
पाटी फुटते तशी.
तेही आकडे लिहिले.

चौथीतला गाठीचा तुकडा
डब्याच्या पिशवीतून घरी नेला, नाना पेठेत.
अप्पांनी पन्नास वर्षं दारं बसवली.
श्रावणात दार फुगलं की लोक बोलवायला येतात,
आणि मार्गशीर्षात फट पडली की तेच लोक.
"लाकूड हलतं," अप्पा म्हणतात,
"म्हणून तर पांचाळांची चूल पेटते."

त्यांनी बोटाच्या पेराने ठोकलं.
"आवाज मोकळा झालाय."
हुंगलं. जिभेचं टोक लावलं.
मग मी नको म्हणायच्या आत खिळा ठोकला
आणि तुकडा गाठीपर्यंत सरळ चिरला.
"हं," म्हणाले.
"शहाणं करून टाकलंत याला.
आता हे कुणासाठी हलायचं नाही."
मी म्हटलं, बुरशीही धरत नाही, अप्पा.
"काय खाऊन धरेल? साखरच काढून घेतलीत."

मला राग आला. आठ महिन्यांचं काम होतं ते.
बागेतल्या बाकांचं, पोहण्याच्या तलावाकाठच्या फळ्यांचं
मी पुष्कळ बोलले, जेवण गार होईपर्यंत.
ते भाताचा डोंगर फोडत राहिले.

रविवारी उठले तर ओट्याखाली भुसा,
कॉफीसारखा बारीक, कोरडा,
बोटाला न चिकटणारा.
चिरेच्या अलीकडचा भाग कापून
अप्पांनी गुण्याची मूठ केली होती.
खिळा नाही; गिरमिटाने आधी भोक,
मग पितळी रिव्हेट, हळूहळू, कानाशी धरून.
पातं जुन्या करवतीचं.
त्यांचा आधीचा गुण्या शिसवीचा.
दर पावसाळ्यात केसभर चुकायचा.
गिऱ्हाइकाला कळायचं नाही,
यांना कळायचं, आणि झोप लागायची नाही.

मग भाद्रपदात, चार दिवसांच्या झडीनंतर,
त्यांनी तो स्वयंपाकघराच्या चौकटीला लावला.
कोपऱ्यात पातं आणि लाकूड यांच्यामधून
ट्यूबलाइटचा उजेड दिसला, दोऱ्याएवढा.
"बघ. अर्धं सूत बाहेर आहे."
कधीपासून, मी विचारलं.
"बसवलं तेव्हापासून. तू रांगत होतीस."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून पाहिलं.
तेवढाच उजेड.
मग गुण्या खिळ्याला अडकवला
आणि दाराला हात लावला नाही.